बुडालेल्या सूर्याचा चौथा भाग

शुक्रवारी संध्याकाळी क्लाइव्ह स्टर्जेसने वडिलांसाठी स्नूकरचा सामना टेप केला, आणि ज्या कॅसेटवर केला ती जॅनिस टोझलंडची निघाली. पोलिसांत जाऊन हे सांगितलं असतं तर हवालदाराने ‘बरं, मग?’ म्हणून पुन्हा चहाचा कप तोंडाला लावला असता. पण केटरिंगच्या ‘लाइटशिप नाइन’ मंडळात हा गुन्हा खुनाच्या जरासाच खाली धरत. काहींच्या मते जरासा वर.

‘लाइटशिप नाइन’ म्हणजे अवकाशात नांगर टाकून उभं असलेलं एक दीपजहाज, त्याचा कप्तान ऑर्डवे, त्याची चार माणसं आणि दर शनिवारी संध्याकाळी त्यांच्यावर चालून येणारं एखादं रबरी संकट. ही मालिका बंद पडून आता बरीच वर्षं झाली होती, पण केटरिंगमधल्या पंधरा-सोळा माणसांना ती बंद पडल्याचं कुणी नीट समजावून सांगितलं नव्हतं. ती दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी स्काउटांच्या लाकडी हटमध्ये जमत, खुर्च्या मांडत, सॉसेज रोल खात आणि कुणाच्या तरी चुलतभावाच्या मेहुण्याकडून आलेली, कॉपीची कॉपी केलेली कॅसेट बघत. चित्र इतकं पुसट असे की कप्तान कोणता आणि राक्षस कोणता हे आवाजावरून ओळखावं लागे.

जॅनिसची कॅसेट मात्र स्वच्छ होती. थेट ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून, मावसबहिणीकडून आलेली. तिच्यावर ‘द ड्राउन्ड सन’ होती, म्हणजे बुडालेला सूर्य. सहा भागांची कथा. १९७२ साली एकदा दाखवली, आणि मग वाहिनीवाल्यांनी टेपा महाग पडतात म्हणून ती पुसून वर काहीतरी बागकामाचं भरलं. इंग्लंडात ती त्यानंतर कुणी पाहिली नव्हती. पर्थमध्ये मागच्या वर्षी एका दुपारी, बहुधा कुणी बघत नाही हे बघून, तिकडच्या वाहिनीने ती दाखवली आणि मावसबहिणीने ती पकडली.

क्लाइव्हकडे दोन व्हिडिओ मशिनं होती. मंडळात याला सरदारकी समजत. म्हणून कॉपी काढायला कॅसेट त्याच्याकडे आली. गुरुवारी त्याने पहिले तीन भाग पाहिले, तिसऱ्याच्या शेवटी मशिन थांबवलं आणि उरलेलं शनिवारी सगळ्यांबरोबर बघू असा सभ्य विचार केला. शुक्रवारी वडिलांच्या स्नूकरसाठी टायमर लावला आणि तो फॅक्टरीत बुटांचे आकडे तपासायला निघून गेला. मशिनमध्ये कॅसेट तीच होती. चौथा भाग गेला. पाचव्याची सुरुवातही गेली. तिच्या जागी वास्कट घातलेले दोन गंभीर गृहस्थ हिरव्या टेबलाभोवती फिरत होते.

व्हिडिओ कॅसेटच्या मागे प्लास्टिकची एक चिमुकली टिकली असते. ती मोडली की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. मंडळात नव्या माणसाला पहिला धडा हाच: आधी टिकली मोडायची, मग कोट काढायचा. क्लाइव्ह हा धडा दुसऱ्यांना शिकवत असे. पण कॅसेट जॅनिसची होती, आणि दुसऱ्याच्या वस्तूचा तुकडा तिला न विचारता कसा मोडायचा, म्हणून तो थांबला होता. विचारायला फोन करायचा म्हणजे पुन्हा संकोच, कारण जॅनिस दातांच्या दवाखान्यात फोन उचलायचं काम करी आणि तिथे तिला कामाशिवाय फोन केलेला आवडत नसे. माणसं सभ्यपणापायी काय काय घालवतात याची मोजदाद केटरिंगमध्ये कुणी ठेवत नाही, ते बरंच आहे.

शनिवारी सकाळी तो हेडली टेबटच्या दारात उभा राहिला.

हेडली टेबट हा मंडळाचा अध्यक्ष. सत्तावीस वर्षं बसवर तिकीट तपासनीस होता. बस सुटता सुटता चढायचा, आणि एखादी बाई पर्समध्ये नसलेलं तिकीट शोधू लागली की तिच्यासमोर असा उभा राहायचा की ती पुढच्या थांब्यापर्यंत लहानपणापासूनची सगळी पापं कबूल करायची. निवृत्त झाल्यावर बस गेली, नजर राहिली. ती आता तो जगाकडे लावत असे, आणि जगाकडे तिकीट कधीच सापडत नसे. लग्नानंतर माव्हिसला घेऊन स्केगनेसला गेला तेव्हा पहिल्यांदा समुद्र पाहून म्हणाला होता, “जरा जास्तच आहे.” स्वतःच्या मुलीच्या लग्नात त्याने केकला दहापैकी चार दिले होते, नवरदेवाला साडेतीन. त्याला एखादी गोष्ट फारच आवडली तर तो ‘चालेल’ म्हणे. माव्हिसच्या म्हणण्याप्रमाणे तिला आयुष्यात दोन ‘चालेल’ मिळाले होते, आणि त्यातला एक पोर्क पायला होता.

मंडळाची रीतही त्यानेच घातलेली. कथा बघून झाली की तिचा खटला चालायचा. एकाने आरोप करायचे, एकाने बचाव, मग हात वर. जिंकली तर कथा ‘फळी’वर, म्हणजे पुन्हा पुन्हा बघायची. हरली तर ‘तळघरा’त. हटला तळघर नव्हतंच. तळघर म्हणजे हेडलीच्या जिन्याखालच्या कपाटातलं पुठ्ठ्याचं खोकं. तिथे गेलेली कॅसेट संधी मिळताच लेस्टरच्या मंडळाला देऊन टाकायची आणि बदल्यात काही बरं आणायचं, असा नियम. लेस्टरवाल्यांना सगळं चालतं, असं केटरिंगमध्ये सर्वांचं मत होतं.

‘द ड्राउन्ड सन’ हरली तर जॅनिसची कॅसेटही नियमाप्रमाणे लेस्टरला जाणार होती. आणि आरोप करणार होता स्वतः हेडली. गेली पंधरा वर्षं तो या कथेला शिव्या घालत आला होता. मंडळाच्या पत्रिकेत त्याने लिहिलं होतं, “या कथेत सगळं आहे. फक्त कथा नाही.” हे वाक्य नंतर इंग्लंडभरच्या मंडळांनी उचललं, आणि कथा न पाहिलेली माणसंही ती भिकार असल्याचं छातीठोकपणे सांगू लागली. जॅनिसने ती नऊ वर्षांची असताना पाहिली होती, आणि तिला ती आयुष्यात सगळ्यात जास्त आवडली होती. दरेक बैठकीत कुणीतरी बुडालेल्या सूर्याचा विनोद करी, सगळे हसत, आणि जॅनिस सॉसेज रोलकडे बघत बसे. मागच्या महिन्यात ती शांतपणे म्हणाली होती, “या वेळी ती तळघरात गेली, तर तिच्याबरोबर मीही जाईन. लेस्टरला बस आहे.” त्या रात्री क्लाइव्हने लेस्टरच्या बसचं वेळापत्रक पाठ केलं होतं, आणि ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

आणि जॅनिस ज्याच्या जोरावर बचाव करणार होती तो प्रसंग चौथ्या भागात होता.

दार माव्हिसने उघडलं. केटरिंगमध्ये बायका लहानथोर सगळ्यांनाच ‘बदका’ म्हणतात. “ये बदका, ये,” ती म्हणाली, “चेहरा काय झालाय तुझा! कुणी गेलं का?”

“चौथा भाग,” क्लाइव्ह म्हणाला.

हेडली मागच्या अंगणात होता. भोपळ्याच्या वेलापुढे तो असा उभा होता की वेल घाबरून वाढत असावा. क्लाइव्हने सगळं सांगितलं. टायमर, वडील, टिकली, वास्कटवाले गृहस्थ.

“टिकली का नाही मोडलीस?”

“तिची कॅसेट होती. मला वाटलं, बरं नाही दिसणार.”

“बरं नाही दिसणार.” हेडलीने ते शब्द एखाद्या कुजक्या बटाट्यासारखे उलटून पाहिले. “सामना कोण जिंकलं?”

“मी पाहिला नाही.”

“म्हणजे तेही नाही. वा! लेका, तुझ्या डोक्यात भुसा भरला असता तरी निदान तो कोंबड्यांना घालता आला असता.”

“बैठक रद्द करायची का, हेडली?”

“का? सहातला एक भाग गेला. या कथेतला एक भाग जाणं म्हणजे खाटकाने चरबी काढून देण्यासारखं आहे. मी तर म्हणतो, उरलेल्या पाचांवरही सामने घे.”

“पण जॅनिसचा बचाव सगळा चौथ्यावर आहे. तो दाराचा प्रसंग.”

हेडली खाली वाकला, वेलाचं एक पिवळं पान तोडलं.

माव्हिस चहा घेऊन आली होती. तिने एकदा क्लाइव्हकडे पाहिलं, एकदा घराकडे. “हेडली,” ती म्हणाली, “जिन्याखाली ते आपलं—”

“माव्हिस, चहा थंड होतोय.”

“माझ्या हातात आहे, मला कळेल की थंड झाला तर.”

“दोन वाजता हटवर ये,” हेडली क्लाइव्हला म्हणाला. “आणि तिला तू सांगायचंस. ते काम मी करणार नाही. माझी निवृत्ती झालीय.”

त्याने सांगितलं. हटच्या बाहेर, सायकली लावायच्या जागी. जॅनिसने नवा निळा कोट घातला होता, हातात बचावाचा कागद होता. तिने सगळं ऐकून घेतलं. ओरडली नाही. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

“मग मी बचाव कशाचा करू?” ती म्हणाली. “स्नूकरचा?”

“जॅनिस, मी पर्थला लिहितो. तुझी बहीण पुन्हा—”

“स्वतःसाठी ठेवलेल्या कॉपीवर तिने आता मुलीचा वाढदिवस भरलाय. मी ओरिजनलच मागवली होती ना, मूर्खा? कॉपी नको म्हणून, तुम्ही सगळे कॉपीला नाकं मुरडता म्हणून तिने ही पाठवली.” तिने कागदाची घडी घातली, मग आणखी एक घडी. “पंधरा वर्षं हसलात तुम्ही सगळे. निदान एकदा बघून तरी हसा, एवढंच म्हणत होते मी.”

क्लाइव्हने तिच्यासाठी दार उघडून धरलं. ती ज्या नजरेने आत गेली, त्यापेक्षा दाराने त्याची बोटं चेमटली असती तर परवडलं असतं.

आत पडदे ओढले होते. चहाची किटली चढली होती. हेडली पुढच्या रांगेत, हाताची घडी घालून. त्याच्या खुर्चीजवळ माव्हिसची बाजारहाटाची चाकांची पिशवी उभी होती, वर चौकटीचं ब्लँकेट घातलेली. कुणी विचारलं नाही. हेडलीला विचारायची पद्धत नव्हती.

पहिला भाग सुरू झाला आणि पहिल्या काही मिनिटांतच हेडलीच्या पंधरा वर्षांच्या शिव्यांना पुरावे मिळायला लागले. एक सूर्य समुद्रात बुडालेला. का, ते नंतर सांगतो असं कप्तान म्हणाला. समुद्राच्या तळाशी न झोपणारे भिक्षू. त्यांच्या खाणीत संपावर गेलेले यंत्रमानव. एक राणी, तिला एक जुळी बहीण, दोघींची भूमिका एकाच बाईची, त्यामुळे दोघी कधी एकत्र दिसायच्या नाहीत. दिसल्या की एक पाठमोरी आणि चार इंच उंच. मग साथीचा रोग. मग कोर्ट. मग एक लग्न, ज्यात नवरा ऐन वेळी झाडात बदलला. दुसऱ्या भागात काळाला भोक पडलं आणि त्यातून रोमन सैनिक आले. तिसऱ्याच्या शेवटी एक राक्षसी गोगलगाय आली.

“आली!” हेडली म्हणाला. “वाटच बघत होतो. या माणसाने लिहायला बसताना घरातल्या सगळ्यांना विचारलं असणार, ‘तुला काय घालू?’ धाकट्या पोराने गोगलगाय सांगितली.”

सगळे हसले. क्लाइव्हही हसला, मग जॅनिसकडे बघून थांबला.

“बस लक्षात घ्या,” हेडली पडद्याकडे बोट करून म्हणाला. आरोप शेवटी करायचे असतात, पण त्याच्याच्याने राहवेना. “बसमध्ये छप्पन्न माणसं. छप्पन्न बसतात, ठीक. सत्तावन्नावा उभा राहतो, तेही ठीक. पण साठावा चढला की कुणालाच खिडकीबाहेर बघता येत नाही. सगळे फक्त एकमेकांच्या काखा बघतात. ही कथा म्हणजे काखाच काखा.”

काही बाबतींत मात्र त्यालाही जीभ आवरावी लागली. तळाचा तो समुद्र एका गोदामात निळी कापडं हलवून केलेला होता, कापडाची शिवण स्पष्ट दिसत होती, आणि तरीही तिथे खरोखर ओल वाटत होती. कोटाची बटणं लावून बसलेल्या दोन बायकांनी नकळत कॉलर वर केल्या. आणि राणीचं काम करणारी ती बाई! पोशाख गाद्यांच्या अभ्र्याचा, मुकुट दुधाच्या बाटल्यांच्या झाकणांचा, पण तिने मान वळवली की हटमधली किटलीसुद्धा जरा हळू उकळायची.

“बाई बरी आहे,” हेडली म्हणाला. “बाईला वाया घालवलीय.”

तिसरा भाग संपला. गोगलगाय दारात अडकलेली, कप्तान किंचाळलेला. पुढच्या क्षणी पडद्यावर हिरवं टेबल आलं आणि वास्कटवाल्या गृहस्थाने खडू उचलला.

क्लाइव्ह उठला, मशिन बंद केलं. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. 

“बस खाली,” हेडली म्हणाला. “चौथा भाग स्टर्जेसने खाल्ला. झालं. शोक नंतर करा.” तो उठला, चाकांची पिशवी पुढे ओढली आणि वरचं ब्लँकेट काढलं. आत जुना स्पूलचा टेपरेकॉर्डर होता. पाववाल्याच्या पेटीएवढा, आणि वजनाने पाववाल्याएवढा.

त्या काळी घरात व्हिडिओ नव्हते. पण नादी माणसांनी एक मार्ग काढला होता: टीव्हीच्या स्पीकरपुढे माइक धरायचा, घरातल्या सगळ्यांना दम भरायचा आणि आवाज टेप करायचा. अर्धा तास घरात कुणी खोकायचं नाही, कपात साखर ढवळायची नाही. लग्नं मोडायची वेळ यायची त्यावरून.

“तुम्ही...” जॅनिस उभी राहिली होती. “तुम्ही ‘ड्राउन्ड सन’चा आवाज टेप केला होता?”

“सगळंच टेप करायचो. चांगलं काय, वाईट काय, आधी कुठे कळतं?” त्याने स्पूल चढवलं. “आवाज यात आहे. चित्र मी सांगतो. मध्ये बोलायचं नाही. आणि त्या किटलीचं तोंड कुणीतरी दाबा.”

स्पूल फिरलं. खरखर, मग वाजतगाजत सुरुवातीचं संगीत. आणि हेडली टेबट टीव्हीच्या काळ्या काचेशेजारी उभा राहून चित्र सांगू लागला.

“गोगलगाय अजून दारात. आत दोन माणसं आहेत. पुढच्याला उजवीकडे जायचंय, मागच्याला घरी. आता ओढतायत. शेपूट निघालं. ते राहू द्या, दिग्दर्शकानेही राहू दिलंय... हा खटखट आवाज यंत्रमानवांचा. तिघंच आहेत, पण कॅमेऱ्यामागून पळत जाऊन पुन्हा येतात, म्हणजे सेना वाटावी. तिसरा दमलाय... आता भिक्षू. भिक्षूने मनगटावर घड्याळ घातलंय. समुद्राच्या तळाशी, दहा हजार वर्षांपूर्वी, सव्वाचार वाजलेत.”

हट हसून हसून दमला. क्लाइव्हला तर डोळे पुसावे लागले. स्वतः पाहिलेल्या भागांपेक्षा न पाहिलेला हा भाग त्याला कितीतरी स्पष्ट दिसत होता. जॅनिसही हसत होती, नाइलाजाने, ओठ दाबून.

मग खरखरीतून एक नवा आवाज आला. सावकाश, बारीक. काहीतरी सोलल्याचा.

हेडली थांबला.

“काय चाललंय?” मागून कुणीतरी विचारलं.

“बटाटे सोलतायत,” हेडली म्हणाला. “राणीची बहीण, आणि जहाजावरची ती दिवा सांभाळणारी पोरगी. स्वयंपाकघरात.” मग त्याने टेपचा आवाज वाढवला.

टेपवर दोघी बोलत होत्या. जहाजातलं जेवण, एकीची थंड पडणारी बोटं, बटाट्याची साल जाड काढावी का पातळ. पलीकडे कुठेतरी सैनिक ओरडत होते, घंटा वाजत होती. बहीण काहीतरी गुणगुणत होती. मग तिने सुरी खाली ठेवल्याचा आवाज आला. “तू उरलेले कर,” ती पोरीला म्हणाली, “मी दिव्याचं बघून येते.” पावलं. लांब जाणारी. दिव्याच्या खोलीत जो जाईल तो जळेल आणि जहाज सुटेल, हे मागच्या भागात कप्तानाने घाईघाईत सांगून टाकलं होतं. नंतरच्या गडबडीत सगळेच विसरले होते. हटमधल्यांना आता आठवलं. लोखंडी दार करकरलं.

आणि माइकच्या अगदी जवळ, कथेच्या बाहेर, एक पुरुषी आवाज फुटला.

“नको! नको गं, बये, दार नको लावूस!”

कुठूनतरी लांबून माव्हिसचा आवाज आला, पंधरा वर्षांनी तरुण. “काय झालं, बदका? कोण आलंय दारात?”

“कुणी नाही,” तो आवाज म्हणाला, आणि नाक ओढल्याचं ऐकू आलं.

टेपवर दार लागलं.

हटमध्ये अध्यक्षांकडे बघायचं की नाही हे कुणाला ठरवता येईना, म्हणून सगळे टीव्हीच्या काळ्या काचेकडे बघत बसले. तिच्यात त्यांना अध्यक्षच दिसत होते. हेडलीची मान ताठ होती, कान मात्र शेजारच्या, आग विझवायच्या लाल बादलीच्या रंगाचे झाले होते.

“आता,” तो खाकरून म्हणाला, “रोमन सैनिक येतात. बुटांत इस्त्री केलेले मोजे.”

या वेळी कुणी हसलं नाही.

पाचव्या भागाचा उरलेला तुकडा आणि सहावा भाग पुन्हा टीव्हीवर झाला. काळाचं भोक बुजलं, झाड झालेला नवरा फुलला, आणि कप्तानाने सूर्य का बुडाला ते सांगायला सुरुवात केली, ती संगीत वाजायला लागलं तरी संपेना. राणीच्या बहिणीचं नावही कुणी घेतलं नाही.

मग खटला. हेडली उभा राहिला. क्लाइव्हला वाटलं, आता हा माणूस जरा नरमाईने घेईल. पण माणसाचे कान लाल झाले म्हणून त्याची जीभ मऊ होते असं नाही.

“कचरा,” हेडली म्हणाला. “पंधरा वर्षांपूर्वी म्हणालो होतो, आज पाहिलात. सहा कथांचं सामान एका गाडीत कोंबलंय. कुठलं संकट कुणाचं, कळत नाही. कुणी मेलं तर रडायला फुरसत नाही, कारण गोगलगाय थांबलीय. आणि माझी खरी तक्रार ऐका. त्या बटाट्यांच्या वेळी या माणसाला लिहिता येतं हे दिसतं. येत नसतं तर मी माफ केलं असतं. ज्याला येतं, त्याने एवढ्याशा जागेत ती बाई बसवायची आणि बाकी सगळी बस गोगलगायींना द्यायची? याला माफी नाही. तळघर.”

तो बसला. टाळ्या पडल्या. टाळ्या पडण्यासारखंच होतं.

जॅनिस उठली. घड्या घातलेला कागद तिने उघडला, त्यावर नजर टाकली आणि पुन्हा मिटला. “मी गोगलगायीचाही बचाव लिहून आणला होता,” ती म्हणाली. “तो राहू दे. गोगलगाय वाईटच आहे.”

“निकाल लागला!” मागून कुणीतरी म्हणालं.

“थांब, रे. हेडली म्हणतात, रडायला फुरसत नाही. बरोबर. पण ती बाई जाते तेव्हा तिच्याकडे बघायला कुणालाच फुरसत नाही, म्हणून तर ती जाऊ शकते. सगळे पळतायत. सैनिक, भिक्षू, तो झाडाचा नवरा. एकजण जरी रिकामा असता तर त्याने तिला अडवलं असतं.” तिने कागद खुर्चीवर ठेवला. “मी नऊ वर्षांची होते. आमच्या घरी तेव्हा आजी गेली. घर भरलेलं होतं. कुणी सँडविच करतंय, कुणी भांडतंय, कुणाला स्टेशनवर सोडायचंय. आजी वरच्या खोलीत वारली ते संध्याकाळपर्यंत कुणाला कळलंही नाही. मग शनिवारी हे लागलं. मला वाटलं, यांना कसं कळलं? ही कथा नीट आटोपशीर असती, तर तो प्रसंग चांगला झाला असता. खरा झाला नसता. एवढंच.”

ती बसली. टाळ्या पडल्या नाहीत. हटमधल्या बायका पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या, आणि हेडलीसमोर न सापडणारी तिकिटं शोधतात तसं नव्हे.

“हं,” हेडली म्हणाला. मग अध्यक्षांच्या आवाजात, “तळघरासाठी हात वर करा.”

एक हात वर गेला. त्याचा स्वतःचा.

“फळी.”

बाकी सगळे. क्लाइव्हने दोन्ही वर केले, मग लाजून एक खाली घेतला.

“इतिवृत्तात नोंद करा,” हेडली म्हणाला, “की केटरिंग मंडळाची अभिरुची लेस्टरला पोचली.” जॅनिसकडे त्याने पाहिलं नाही. फक्त स्पूल काढलं, डबीत घातलं आणि जाता जाता तिच्या मांडीवर ठेवलं. “कॅसेटच्या शेजारी ठेव. आणि याला हात लावू देऊ नकोस,” असं म्हणून त्याने क्लाइव्हकडे हनुवटी केली.

“तुम्ही एकट्यानेच हात वर केलात, हेडली,” जॅनिस म्हणाली. “लेस्टरला बस आहे.”

“त्या बसचं तिकीट मी कधी तपासलं नाही. लेस्टरला जाणाऱ्याला तेवढी शिक्षा पुरे.”

ती हसली. मंडळात आल्यापासून ती हेडलीच्या विनोदाला पहिल्यांदाच आपणहून हसली. मग क्लाइव्हकडे वळली. “पुढच्या शनिवारी येतोस का आमच्याकडे? दोन्ही मशिनं घेऊन ये. आणि येताना टिकली मोडायला काहीतरी आण.”

क्लाइव्ह काहीतरी म्हणाला. काय ते त्याला स्वतःलाही ऐकू आलं नाही.

टेपरेकॉर्डर घरी न्यायला हेडलीने त्याला धरलं. चाकांची पिशवी ओढत दोघे रॉकिंगहॅम रोडने निघाले. एक चाक कुरकुरत होतं. हेडली सगळ्या वाटेत त्या चाकाला, फुटपाथला आणि एका नव्या बसथांब्याला नावं ठेवत होता. बसथांबा त्याच्या मते अशा ठिकाणी उभारला होता जिथून बस दिसायच्या आधी मरण दिसावं.

क्लाइव्हच्या मनात एक गोष्ट घोळत होती. या माणसाने पंधरा वर्षं जीभ चालवून आपलं एक नाव केलं होतं. आज चारचौघांत स्वतःच्याच टेपने त्याला उघडं पाडलं. ती टेप त्याने आणलीच नसती, तर काय बिघडलं असतं? बैठक झाली असती, कथा तळघरात गेली असती, त्याचा शब्द खरा ठरला असता. बिचारा, त्या टेपवर स्वतःच ओरडला होता हे विसरूनच गेला असणार.

घराच्या फाटकाशी त्याने धीर केला. “हेडली, त्या टेपवर तुमचा आवाज आहे, हे तुम्हाला आठवत नव्हतं ना?”

हेडलीने फाटक उघडलं, पिशवी आत ढकलली आणि क्लाइव्हकडे बिनतिकिटाच्या उतारूकडे बघावं तसं पाहिलं.

“दर नाताळात ऐकतो मी ती टेप, बहिरा नाही.”